मिनिटाला वीस थेंब

परळी रस्त्याला यल्लव्वा पाटे-वरवंटे मांडून बसते.
तिला म्हणाले, दगड पसरट हवा,
मधे खोलगट, काठाला उतार.
"किती खोल?"
चिमणीच्या गुडघ्याइतका.
छिन्नी खाली ठेवून ती हसली,
"चिमणीला गुडघा असतो व्हय, बाई?"
मग स्वतःच बोटाची दोन पेरं मोजली
आणि चारशे रुपयांत
काळ्या पाषाणात एक ओंजळ कोरून दिली.
कड मुद्दाम खडबडीत ठेवली.
"गुळगुळीत केलं तर पाय घसरंल पाखराचा."
हे मला सुचलं नव्हतं.

अंबाजोगाईत आमच्या गल्लीला
आठव्या दिवशी नळ येतो, तोही पहाटे चारला.
कुंपणापलीकडून कुशावर्ताबाई म्हणाल्या,
"माणसाला प्यायला नाही
अन् तुम्ही पाखरांना हौद बांधायलात व्हय, सिस्टर?
डास होतेत, सांगून ठेवते."
मी म्हणाले, दिवसाला दोन बाटल्या, एक लिटर.
तेवढं तर तांब्यात उरलं म्हणून आपण ओतून देतो.
त्यांनी दार जरा जोरातच लावलं.

सगळे मला अजून सिस्टरच म्हणतात.
चौतीस वर्षं सरकारी दवाखाना,
शेवटची अकरा मेडिसिन वॉर्ड.

पेरूखाली दगड ठेवला, भरला.
तीन दिवस कोणी फिरकलं नाही.
पाणी गप्प होतं.
वरून उडणाऱ्याला कळावं कसं?
चौथ्या दिवशी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला,
बाटली फांदीला टांगली,
चाक सरकवलं, घड्याळ समोर धरलं.
मिनिटाला वीस.
अंगठ्याला अजून सगळं पाठ होतं.
टप्प.
टप्प.
सव्वातीनला होला आला.

जुन्या रजिस्टरमध्ये लिहू लागले.
सहा दहा: होल्यांची जोडी. प्यायले.
सात पाच: सातभाई, मोजले तर नऊ. भांडण.
बारा: गांधीलमाश्या. काठावर खडे टाकले,
आता मधमाश्याही बुडत नाहीत.
रात्र: भेक. मानेपर्यंत पाण्यात,
सकाळपर्यंत हलला नाही,
नाडी बघावीशी वाटली.
खंड्याची फार वाट पाहिली. खंड्या नाही.
एकदा मुंगूस,
प्यायलं, पण नजर माझ्यावरच.
तिसऱ्या दिवशी दगड काथ्यानं घासते,
पाणी कढीपत्त्याला जातं. डास नाहीत.

आणि एक कुंभारीण माशी.
थेंबाखालच्या चिखलाची गोळी उचलून
ती सरळ खिडकीतून घरात.
निवृत्तीच्या दिवशी काढलेल्या फोटोमागे
तिनं पाच खोल्या बांधल्या, न विचारता.
पहाटे चारला उठून भरलेलं पाणी
माती होऊन माझ्याच भिंतीवर राहायला आलं.
झाडू उचलला होता मी.
परत कोपऱ्यात ठेवला.

वॉर्डात कितीतरी बाटल्या
अर्ध्या असतानाच काढाव्या लागल्या.
चाक बंद करताना आवाज होत नाही.
नातेवाईक तुमच्या तोंडाकडे बघतात,
तुम्ही नळी गुंडाळत राहता.
इथं मात्र प्रत्येक बाटली
शेवटच्या थेंबापर्यंत जाते,
एवढं मी रजिस्टरमध्ये लिहीत नाही.

परवा दुपारी डोळा लागला.
झोपेतच हाक आली,
"सिस्टर! ओ सिस्टर! बाटली संपली!"
रात्री अडीचला यायची तीच, तीच घाई.
चप्पल न घालता धावले,
शहाबादी फरशी तव्यासारखी,
अंगणात येईपर्यंत कळेना
कोणता बेड, कोणतं साल.

कुंपणापलीकडे कुशावर्ताबाई,
डोक्यावर पदर, हातात त्यांची स्वतःची भरलेली कळशी.
"हळू या," म्हणाल्या, "उडतील."
नळीवर दोन बुलबुल बसले होते,
मान वाकडी करून
कोरड्या टोकाकडे बघत.